पश्चिमेच्या भिंतीवरचे डाग

३ नोव्हेंबर
घराचा रंग आज पुरा झाला. बाहेरून पांढराशुभ्र. मेहुण्याने केला. दोन नोकऱ्या झाल्या त्याच्या. एक त्याने सोडली, दुसरीने त्याला. आता पेंटिंगची कामं घेणार म्हणतो. आमचं घर हे पहिलं काम. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई १५ तारखेला, रविवारी, येऊन भिंत बघणार. पसंत पडली तर अख्ख्या दवाखान्याचं काम त्याला. ही म्हणाली, अहो, एकदाचं मार्गी लागू दे त्याचं. म्हटलं, मी आहे ना. माझा शब्द पडला की काम झालंच समज.
काम चांगलं केलंय. तसं त्याला बोललो नाही. उगाच डोक्यावर मिऱ्या वाटायला लागेल.

४ नोव्हेंबर, सकाळ
पोरगा मुख्य गोष्टच विसरला. भिंतीला पाणी कोण मारणार? बांधकामाच्या स्टोअरमध्ये जन्म गेला माझा. सिमेंटची गोणी नुसती बघून वजन सांगायचो. नवं काम म्हटलं की पाणी. स्लॅब असो, प्लॅस्टर असो, पाणी नाही मारलं की तडा. रंगाला काय वेगळा कायदा आहे? त्याला विचारणार होतो. पण मग त्याला वाईट वाटेल. आपणच गुपचूप करायचं. श्रेय नको.

संध्याकाळ
ही फिरायला गेल्यावर मागच्या लोखंडी पिंपातून बादली भरली, मगाने सपासप पाणी मारलं. फक्त पश्चिमेच्या भिंतीला, कारण ऊन तिलाच. नळाचं पाणी वापरलं नाही. पिंपात उन्हाळ्यापासून पाणी पडून आहे, ते कधी वापरायचं? समोरचे बागवाले, रिटायर्ड माणूस, दिवसभर कुंड्यांत डोकं, मान वर करकरून बघत होते. शिकतील काहीतरी.

६ नोव्हेंबर
पाणी मारलं. खांदा धरलाय. भिंत तृप्त दिसते.

९ नोव्हेंबर
भिंतीवर डाग! तपकिरी ओघळ. उत्तर, दक्षिण, पूर्व स्वच्छ. फक्त पश्चिम. हिला दाखवले. हिचा चेहरा उतरला. रविवारी बाई येणार हो, एवढंच म्हणाली. म्हटलं, घाबरतेस काय, छडा लावतो. रंग कच्चा राहिलाय हे उघड आहे. आजपासून पाणी दुप्पट.

१० नोव्हेंबर
डागांचा शास्त्रशुद्ध अभ्यास. ओघळ वरून खाली. पण छपरापर्यंत नाहीत, माणसाने हात उंचावून काही फेकलं तर पोचेल तितपतच. झुकाव डावीकडून उजवीकडे. म्हणजे कोणीतरी फेकतंय! आणि गुन्हेगार डावखुरा, उंचीने साधारण माझ्याएवढा. सकाळी डाग ताजे असतात, म्हणजे संध्याकाळचा उद्योग. बागवाले झारी उजव्या हातात धरतात. पण ते नाटकही असू शकतं. हिला विचारलं, गल्लीत डावखुरं कोण आहे? ही म्हणाली, तुम्ही. म्हटलं, माझ्याशिवाय?

११ नोव्हेंबर
सफाई. आधी साबण. मग व्हिनेगर. मग खायचा सोडा. सोडा व्हिनेगरवर टाकल्यावर फेस छान आला, डाग जागच्या जागी. शेवटी तारेचा ब्रश. डाग गेला. रंगही गेला. आता तिथे थाळीएवढा जुना पिवळा रंग दिसतोय.
विचाराअंती: एवढ्याशा घासण्याने निघतो तो कसला रंग? पाणी घालून पातळ केलेला! गुन्हेगार बाहेरचा नाहीच, घरातला आहे. मेहुण्याला फोन लावून स्पष्ट बोललो. तो म्हणाला, भाऊजी, सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडला. म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. मग तो म्हणाला, शनिवारी येऊन पुन्हा हात मारतो.
हिने भाजीत मीठ घातलं नाही. बहुतेक विसरली.

१४ नोव्हेंबर, शनिवार
मेहुणा उजाडताच हजर. रंग स्वतःच्या पदरचा. डाग पुसले, खरवडलेला भाग भरून घेतला, अख्खी पश्चिमेची भिंत पुन्हा रंगवली. जेवायलासुद्धा खाली उतरेना, हिने शिडीवरच चहा दिला. जाताना हात जोडून म्हणाला, भाऊजी, उद्यापर्यंत भिंतीला कोणी हात लावणार नाही एवढं बघा.
शब्द पाळला. हात कोणालाही लावू दिला नाही. पाणी तेवढं मारलं. उद्याचा दिवस मोठा, म्हणून पाच बादल्या.

१५ नोव्हेंबर, दुपार
भिंत बघून मीच हादरलो. पांढरा रंग तपकिरी पाण्यासकट खाली उतरलेला. डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. बाई म्हणाल्या, हे काय झालं? मग सत्याची चाड असलेल्या माणसाने बोलायला हवं म्हणून मीच बोललो. म्हटलं, बाई, माझा सख्खा मेहुणा आहे, पण माल हलका वापरतो. ही माझ्याकडे बघतच राहिली.
मेहुणा मात्र भिंतीकडे बघत नव्हता. कोपऱ्यात माझी बादली होती, तिच्यात बघत होता. मग मागे पिंपाकडे जाऊन आला. बाईंना म्हणाला, चुकलं माझं. पहिलंच काम होतं. बाई बरं म्हणाल्या आणि गेल्या.
कबुली! सगळ्यांसमक्ष! मी म्हणत नव्हतो?

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
दुपारचं पान फाडावंसं वाटतंय.
बाई वळणावर दिसेनाशा झाल्या आणि बागवाले रस्ता ओलांडून आले. मला म्हणाले, वेल कुठला लावलाय हो? रोज इतकं पाणी घालता भिंतीला. काल तर रंग ओला असतानाच घातलंत. पण ते पिंप बदला, आतून नुसता गंज आहे, वेल जगायचा नाही.
हिने मेहुण्याला विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, मघाशी कळलं, बादलीच्या बुडाशी गंज होता. मग बाईंना का नाही सांगितलंस? तर म्हणतो, जाऊ दे गं ताई, बाहेरच्या माणसासमोर भाऊजींचं काय राहिलं असतं?
जेवलो नाही. हिने आग्रहही केला नाही. लाज वाटते. शेजाऱ्यांची नाही, त्या पोराची. मी त्याला चोर म्हणालो आणि तो मला झाकत होता.
उद्या सकाळीच दवाखान्यात जाऊन बाईंना सगळं सांगणार. काळ्या दगडावरची रेघ.

१६ नोव्हेंबर
सोमवार. दवाखान्यात गर्दी असते.

१७ नोव्हेंबर
चप्पल तुटली. दुसरी होती, पण ती बरी दिसत नाही.

१८ नोव्हेंबर
गेलो. बाकावर बसून वाक्यं जुळवली. बाई, दोष माझा आहे. साधं वाक्य. नंबर आला. आत गेलो. बाई म्हणाल्या, बसा, काय होतंय? मी तोंड उघडलं. काही फुटेना तोंडातून. बाई म्हणाल्या, घसा का? मी मान हलवली. म्हणाल्या, आ करा. आ केला. बॅटरी मारून बघितलं त्यांनी. पाच दिवसांच्या गोळ्या, तीन वेळा. पाणी भरपूर घ्या म्हणाल्या.
ही दारातच उभी होती. सांगितलंत? मी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. तिने ते उलटसुलट करून बघितलं आणि आत गेली.

२१ नोव्हेंबर
मेहुणा येऊन भिंत तिसऱ्यांदा रंगवून गेला. मी शिडी धरली. दिवसभर धरली. माफ कर म्हणायचं होतं. दोनदा खाकरलो. तो वरून म्हणाला, भाऊजी, घसा अजून बरा नाही वाटतं.
सोमवारपासून तो एका गोदामात पहाऱ्याला जाणार आहे. शिडी इथेच ठेवून गेला. म्हणाला, कोणी घेणारं भेटलं तर विकून टाका.
ही सकाळ, दुपार, संध्याकाळ न चुकता गोळी आणि पाण्याचा पेला आणून समोर उभी राहते. गिळेपर्यंत हलत नाही. आत्ताही येऊन गेली. घेतली.
घसा दुखत नाही. कधीच दुखत नव्हता. हिला माहीत आहे.