आठवे अंडे

प्रति,
मा. रस्ते अधिकारी,
परगणा कौन्सिल, रस्ते व पदपथ विभाग.

विषय : स्केलथॉर्प वळणावरील विमानस्मारकाच्या शिळेवर आठवे नाव कोरून मिळणेबाबत.

संदर्भ : आपली दि. ३ ऑक्टोबर १९९४ ची नोटीस (स्मारकापाशी खाद्यपदार्थ ठेवल्याने होणारा कोल्ह्यांचा उपद्रव).

महोदय,

उपरोक्त नोटिशीत ज्या 'अज्ञात इसमा'स उकडलेली अंडी ठेवण्यास मनाई केली आहे, तो इसम मीच. वय वर्षे एकोणसत्तर, राहणार स्मारकासमोरील तिसरे घर. आपला माणूस दार वाजवता तर नाव सांगितले असते. तो नोटीस खांबाला ठोकून निघून गेला. असो. वळण सरळ करण्यासाठी शिळा उचलून पलीकडे बसवणार, त्यासाठी १४ नोव्हेंबरला पाथरवट येणार, असे कळते. छिन्नी तेव्हा येणारच आहे, म्हणून हा अर्ज तातडीने करीत आहे.

१. सन १९४४ मध्ये मी येथील विमानतळाच्या भटारखान्यात कामाला होते. युद्धामुळे अंडी दुर्मिळ होती, म्हणून नियम असा होता की, उड्डाणाला जाणाऱ्यास निघण्यापूर्वी एक अंडे व परत आल्यावर एक. बाकी सर्वांना अंड्याची भुकटी, मग तो कितीही मोठा साहेब असो. त्यामुळे ज्याच्या ताटात अंडे, तो आज जाणार, हे सगळ्यांना न सांगता कळे.

२. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी पायलट ऑस्बर्न धरून त्यांच्या विमानाचे सात जण रांगेत आले. आठवा होता क्लिफर्ड लेगेट, त्यांच्याच विमानाचा मेकॅनिक. त्याने ताट पुढे केले. मी म्हटले, "तुला कशाला रे अंडं? तू तर जमिनीवरचा!" तो हळूच म्हणाला, "आज मीपण जातोय, विनी. तीन नंबरचं इंजिन कुरकुरतंय. खाली शहाण्यासारखं वागतं, वर गेलं की कण्हतं. वर जाऊन ऐकतोच एकदा. कुणाला बोलू नकोस हं." ऑस्बर्न नुसते हसले. मी अंडे वाढले. जाता जाता क्लिफर्ड म्हणाला, "नाही आलो तर परतीचं अंडं तू खा."

३. विमान उडाले आणि चार मिनिटांत या वळणावर पडले. पोटात सगळे बॉम्ब तसेच होते. पुरायला सात पेट्या नेल्या, आणि पुढे शिळेवर त्याच सातांची नावे आली. पेट्यांत काय होते ते नेणाऱ्यांनाच ठाऊक. वजन वाटावे म्हणून वाळू भरली होती असे म्हणत.

४. दुपारी मुख्य आचाऱ्याने विचारले, "सात माणसं, मग अंडी आठ कशी गेली?" मी सांगितले, "एक फुटलं." खरे सांगितले असते तर नियमाबाहेर अंडे दिले म्हणून माझी रजा रद्द झाली असती, आणि शनिवारी माझे लग्न होते. लष्करी पोलिसांनी विचारले, लेगेटला सकाळी कोणी पाहिले का? पाहिले म्हणावे तर अंड्याचेही सांगणे आले. मी मान हलवली, नाही. त्याला पळपुटा ठरवले गेले.

५. वसंतात त्याची आई ग्रिम्सबीहून आली. तिच्या हाताला मासळीचा वास होता. मीच तिला चहा दिला. ती म्हणाली, "पोरी, तू ओळखायचीस ना त्याला? माझा क्लिफ भित्रा नव्हता गं." मी म्हटले, "साखर नाही, चालेल ना?" महोदय, मी हेच म्हटले. ती १९६१ साली वारली. शेवटपर्यंत गल्लीतल्या बायका तिला 'पळपुट्याची आई' म्हणत.

६. परतीचे अंडे मी त्याच दिवशी कोठीत उभ्यानेच खाल्ले. त्यानंतर आजतागायत अंडे तोंडात घातलेले नाही.

७. मी रोज सकाळी समोरच्या थांब्यावर बसची वाट पाहते. धुके असले की शिळेपाशी सात जण उभे दिसतात, आणि थोडा बाजूला, गवतात, आठवा. शिळेवर नाव नाही म्हणून तो जवळ येत नसावा. त्याच्या हातात ताट असते. तो माझ्यावर रागावलेला दिसत नाही, आणि मला तेच सोसत नाही. डॉक्टरांनी डोळे तपासले, चष्मा बदलला. आता तो अधिक स्पष्ट दिसतो.

८. कोल्ह्यांबाबत नम्रपणे निवेदन की, मी अंडे उकडून, चिनी मातीच्या पेल्यात ठेवते. दुसऱ्या दिवशी आतले खाल्लेले असते आणि टरफल त्याच पेल्यात, नीट सोलून ठेवलेले. कोल्हा अंडे सोलून खातो, असे आपल्या विभागाचे म्हणणे असल्यास तसे लेखी कळवावे.

तरी 'सी. लेगेट, मेकॅनिक' एवढी एक ओळ शिळेवर खाली कोरावी, ही विनंती. तेथे जागा आहे, मी वीत लावून मोजली आहे. पुरावा मागाल, तर मीच पुरावा आहे, आणि मी फार दिवस पुरणार नाही. शिक्षा व्हायची ती मला व्हावी, त्याची आता पुरे झाली. नाव कोरले गेले की अंडी ठेवणे मी आपण होऊन बंद करीन. मग तो घरी जाईल, असे वाटते.

आपली नम्र,
विनिफ्रेड कपलडिच
स्केलथॉर्प, दि. २१ ऑक्टोबर १९९४

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. माझा कबुलीजबाब, पाद्रीबाबांच्या सहीनिशी.
३. अंडे, नग एक. फुटलेले नाही.