मॉरिसची वायरिंग आणि व्यासराजाचे हात

मी, रंगाराव दत्ताजी, वय वर्षे एकाहत्तर, वीज मंडळातून निवृत्त झालेला फोरमन, राहणार तिरुवल्लिकेणी, चेन्नई, आज हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको, तरी मी करतो. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

हे मराठीत लिहितो, कारण आमच्या घरात महत्त्वाचे कागद मराठीतच लिहीत आले. घरातल्या मुलींना ही लिपी वाचता येत नाही. वकील अनंतकृष्ण राव, म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, या कागदाची तमिळ प्रत करील. मराठी आमची तंजावरची. चुका असतील त्या माझ्या.

१. तिरुवल्लिकेणीचे राहते घर, मागच्या पत्र्याच्या शेडसकट, माझी पत्नी सरोजा हिचे. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा विषय काढू नये. तिच्यामागे ते आमची एकुलती मुलगी सुष्मिता हिला जावे.

२. बँकेतील ठेवी सरोजाच्याच नावावर कराव्यात. पासबुके कपाटात, तिच्या साड्यांच्या खाली आहेत. तिला ठाऊक आहे. मला ठाऊक नाही असे तिला वाटते.

३. माझी हत्यारे: दोन सोल्डरिंग आयर्न, वायरीची टोके दाबून बसवायची पकड, इन्सुलेशन तपासायचा मेगर, आणि मी स्वतः केलेला टेस्ट लॅम्प. ही सगळी माझ्या भावाची मुलगी सहाना हिला द्यावीत. मेगर लाकडी पेटीतच ठेवावा. सुष्मिताने राग मानू नये. तिला लहानपणी फ्यूज बदलायला सांगितले तर ती मेणबत्ती घेऊन येई.

४. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे परीक्षक गुंडोराव यांना माझ्या तेराव्याला बोलावू नये. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या गाडीचे बॉनेट उघडले, आत आल्टरनेटर आणि नवी फ्यूज-पेटी पाहिली आणि म्हणाले, "रंगाराव, तुम्ही गाडीचा आत्मा काढून टाकलात." मूळ वायरिंग नाही म्हणून त्यांनी गुण कापले. मूळ वायरिंगचे काय झाले ते त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही. ते आता सांगतो.

५. गाडी. १९५२ ची मॉरिस मायनर, हिरवी. आमचे वडील डॉक्टर दत्ताजीराव यांनी ती अठ्ठावन्न साली घेतली आणि मरताना आम्हा दोघा भावांच्या नावे केली: मी आणि माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा व्यासराज. वीस वर्षे ती शेडमध्ये उभी होती. मी निवृत्त झाल्यावर आम्ही ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. व्यासराज तेव्हा इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात तपासनीस होता. तिथे गाड्यांचे पेट्रोलचे पाइप बनत. तयार पाइपावरून बोट फिरवून तो केसाएवढी चीर ओळखायचा. त्यामुळे पेट्रोलचे काम त्याचे आणि विजेचे माझे, अशी वाटणी झाली.

त्याने टाकी उतरवून आतला गंज काढला, नवा तांब्याचा पाइप टाकला, इंजिनपाशी नवी रबरी नळी बसवली, जुन्या पंपाच्या जागी नवा इलेक्ट्रिक पंप लावला. प्रत्येक क्लिप आवळली की तिच्या स्क्रूवर तो हिरव्या रंगाचा ठिपका देई. ही त्याची कारखान्यातली सवय.

माझे काम बाकी होते तेव्हा एके दिवशी तो एक छोटा डबा घेऊन आला. आत रबरी कडी, फ्यूज आणि एक कट-ऑफ स्विच होता.

"अण्णा, पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथं हे कडं घाला. नाहीतर घासून वायरीचं कातडं जाईल. आणि इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद व्हायला पाहिजे. त्याला हा स्विच."

मी म्हणालो, "अडतीस वर्षं या शहराला वीज दिली. तू मला वायरिंग शिकवणार?"

"शिकवत नाही. आणून दिलं, एवढंच."

"सरी, बरं. ठेव तिथं."

तो डबा मी उघडलासुद्धा नाही. हेडलाइटची मुख्य वायर जुनीच ठेवली, कापडी वेष्टनाची. तिला फ्यूज नव्हता. ती मी पेट्रोलच्या नळीला टेपने बांधून उघड्या भोकातून ओढून घेतली. पंप थेट चावीवर जोडला.

६. हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

२००२ सालच्या पोंगलनंतरच्या रविवारी सकाळी आम्ही गाडी मरीनाच्या रस्त्यावर काढली. मी चालवत होतो, शेजारी सरोजा, मागे व्यासराज. दीपगृहाच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून धूर आला आणि इंजिन बंद पडले. मी उतरलो आणि बॉनेट उघडले. ते उघडायला नको होते. वारा आत गेला आणि ज्वाळा माझ्या तोंडावर आली. मी मागे पळालो. सरोजा गाडीतच होती हे मला त्या क्षणी आठवले नाही. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षे लागली.

इंजिन बंद होते, पण पंप चालूच होता आणि वितळलेल्या नळीतून आगीवर पेट्रोल ओतत होता. व्यासराजाने मागून वाकून चावी बंद केली, सरोजाला ओढून बाहेर काढले, आणि मग परत जाऊन दोन्ही हात आगीत घालून बॅटरीची तार उपटली. सरोजाच्या साडीचा काठ तेवढा जळला. त्याचे हात मनगटापर्यंत भाजले.

लोक जमले. एका पोलिसाने विचारले, "आग कशानं लागली?"

मी म्हणालो, "पेट्रोलच्या नळीची क्लिप सैल राहिली. ती यानं बसवली होती."

व्यासराज चार हातांच्या अंतरावर वाळूत बसला होता. त्याने ऐकले. माझ्याकडे एकदा पाहिले.

चार महिन्यांनी मी जळलेले सामान उतरवले. क्लिप जागच्या जागी घट्ट होती. स्क्रूवर हिरव्या ठिपक्याचा अंश होता. हेडलाइटच्या वायरीचे तांबे मात्र त्या उघड्या भोकापाशी वितळून त्याचा मणी झाला होता. म्हणजे दोष माझा. मी तो मणी खिशात घातला, दुसऱ्या दिवशी समुद्रात टाकला.

व्यासराजाच्या बोटांना पुढे स्पर्श कळेना. कारखान्याने त्याला टेबलाचे काम दिले. ते त्याने वर्षभर केले आणि सोडले. सरोजा त्याला दोषी समजत राहिली. आमच्या घरी सणावाराला त्याला बोलावणे गेले नाही. त्याने तिचा जीव वाचवला होता आणि तिने त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले, ते माझ्या शब्दावरून.

७. २००५ च्या जूनमध्ये सहाना माझ्या दारात आली. इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष होते. म्हणाली, "मोठे अप्पा, गाडी पुन्हा करू या. मी दर शनिवारी येते."

"तुला कशाला ही उठाठेव?"

"अप्पांची चूक आहे ना? मला ती दुरुस्त करायची आहे."

तेव्हा तरी मी बोलायला हवे होते. मी म्हणालो, "सरी, ये."

पावणेतीन वर्षे ती येत राहिली, नोकरी लागल्यावरही. आम्ही गाडीतली एकूण एक जुनी तार काढली. प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज दिला, हेडलाइटला रिले, प्रत्येक भोकाला रबरी कडे. डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवला. पंप मागे टाकीजवळ नेला आणि त्याला असा स्विच दिला की इंजिन थांबले किंवा धक्का बसला तर पेट्रोल थांबेल. वायर पेट्रोलच्या पाइपापासून वीतभर लांब. एकदा ती म्हणाली, "इतकं जपून करता तुम्ही. अप्पांनी तुम्हाला विचारून केलं असतं तर!"

मी मान खाली घालून सोल्डर करत राहिलो.

म्हणून आता लिहितो. चूक व्यासराजाची नव्हती. वायर माझी, गर्व माझा, खोटे माझे. गाडीतला माझा अर्धा हिस्सा मी सहानाला देतो.

८. वरचे कलम वाचून अनंतकृष्णाने कागद मांडीवर ठेवला.

"मामा, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"होय."

"मग व्यासराजमामाला काही विचारायचं असेल तर कोणाला विचारायचं?"

मागच्या रविवारी मी सरोजाला घेऊन शेअर ऑटोने वेलचेरीला व्यासराजाच्या फ्लॅटवर गेलो. तो आणि सहाना समोर बसले आणि मी सहावे आणि सातवे कलम वाचले. चष्म्यावर धुके आले तरी थांबलो नाही.

व्यासराज म्हणाला, "अण्णा, मला ठाऊक होतं. बॅटरीची तार काढताना ती वायर लाल झालेली दिसली मला."

"मग सहानाला का सांगितलं नाहीस?"

"ती तुमच्याकडे यायला लागली होती. सांगितलं असतं तर आली नसती. वायरिंग तुमच्याइतकं चांगलं तिला कोण शिकवणार?"

सहाना उठून आतल्या खोलीत गेली. दार लावले नाही, पण परत आली नाही. सरोजाने व्यासराजाचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेतले. परतीच्या वाटेवर एवढेच बोलली, "सहा वर्षं तुम्ही माझ्याकडून पाप करवलंत."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

९. सहानाने फोनवर कळवले की तिला माझा हिस्सा नको. म्हणून सातव्या कलमातील शेवटचे वाक्य रद्द. माझा अर्धा हिस्सा व्यासराजाला द्यावा, म्हणजे गाडी पूर्ण त्याची होईल. ठेवावी, विकावी, त्याची मर्जी. हत्यारे मात्र सहानाचीच. ती आज नेणार नसेल तर थांबावे. कोणी आग्रह करू नये.

१०. काल शनिवार होता. सहाना आली नाही. दहाच्या सुमारास व्यासराज आला. सहा वर्षांत प्रथमच तो शेडमध्ये आला. त्याने गाडीभोवती एक फेरी घातली, वाकून पाइप पाहिला, आणि स्टुलावर बसला.

"काय राहिलंय?"

"हॉर्न वाजत नाही. अर्थची वायर कुठं सुटली ते सापडत नाही."

"बघू या."

आम्ही तासभर ते शोधत होतो. सरोजा कॉफी घेऊन आली. एकच पेला होता. तो तिने व्यासराजासमोर ठेवला आणि ती आत गेली. त्याने अर्धी कॉफी दबऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या वाटीत, ओतली आणि दबरा माझ्याकडे सरकवला.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अनंतकृष्ण राव यांनी करावी. येथवरचे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले, आणि ते खरे आहे.

सही: रंगाराव दत्ताजी

आम्हा दोघांच्या देखत रंगाराव यांनी वर सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही साक्ष घातली:

१. डॉ. रामस्वामी, तिरुवल्लिकेणी
२. रत्नाकर राव, शेजारी, तिरुवल्लिकेणी

चेन्नई, रविवार, दिनांक ९ मार्च २००८