डोंगराची टाच

मे महिन्याचा शेवटचा रविवार, महाड

अण्णा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. आज लिहितेय तीही मायेपोटी नाही, वैतागून. आपल्या घरामागे, गोठ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला आडवी भेग पडली आहे. माझा हात कोपरापर्यंत आत जातो. कापडे गावचे तलाठी एका भूवैज्ञानिकांना घेऊन आले, आणि पावसाआधी वरची घरं रिकामी करून खाली तुमच्याच शाळेत राहायला जा, असं सांगून गेले. सगळे तयार आहेत. आई नाही. आणि ती तयार नाही ती तुमच्यामुळे.

मी चौथीत असताना अशीच एक बारीक भेग दिसली होती आणि मी घाबरून तुम्हाला ओढत तिथे नेलं होतं. तुम्ही मास्तर, प्रत्येक गोष्ट कशासारखी तरी करून सांगायची तुम्हाला सवय. वजाबाकीतले उसने दहा म्हणजे शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर. मी वजाबाकी तशीच शिकले, नाकारत नाही. त्या भेगेपाशी उकिडवे बसून तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईच्या टाचेला नाही का पडत? फुटते, भरून येते. डोंगर आपला बाप आहे. बाप लेकरांच्या अंगावर पडत नसतो." आणि ती भेग खरंच भरली. वरून माती आली असेल, गवत उगवलं असेल. पण आईच्या मनात डोंगराला टाच आली ती कायमची.

गेले काही रविवार मी महाडहून गावी जाऊन डोकं फोडून घेतेय. प्रयोगशाळेत काम करणारी मी, मोजता येईल तेवढंच बोलावं असा माझा हट्ट. उतार सांगितला, मातीत मुरणारं पाणी सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. ती भाकरी थापत राहते. "येवढी काळजी हाय तर कोकमाचं तेल लाव जा त्या भेगंला," म्हणते, आणि शेजारची काकू तोंडाला पदर लावून हसते. आज मी चिडून बोलले, "आई, डोंगर बाप नाही गं. दगड आणि माती आहे." तिने तवा खाली उतरवला. "आज डोंगराला माती म्हन्तेस. उद्या अण्णांना म्हनशील."

भ्यायलेल्या पोरीची समजूत काढायला तुम्ही ते बोललात, हे मला कळतं. पण पोर मोठी झाल्यावर ते परत नको का घ्यायला?

निघताना पायरीवर चप्पल घालत होते आणि तुमचं शेवटचं वर्ष आठवलं. तुमचे पाय लटपटायचे. आधार द्यायला आई दोन पायऱ्या खाली उभी राहायची आणि तुम्ही ओरडायचात, "खाली उभी राहू नको गो, तोल गेला तर चेंगरशील!" मी वळले. म्हणाले, "बापच आहे डोंगर. पण म्हातारा झालाय. अण्णांसारखे पाय लटपटतायत त्याचे, आणि तू खाली उभी आहेस."

तिने वर डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग असं नीट सांगायचं ना. ते कागूद कसले दाखवत बसलीस?" आणि शाळेत कोंबड्या चालतील का, ते विचारू लागली.

पोलादपूर येईपर्यंत मी धुमसत होते. मोजलेलं सगळं फुकट गेलं, आणि न मोजता बोललेल्या एका वाक्यावर ती घर सोडायला निघाली. यंदा डोंगर जागचा हलला नाही, तर पुढच्या वर्षी तिला काय सांगू? म्हाताऱ्याला बरं वाटतंय?

हे वहीतच राहील, म्हणून एक कबूल करते. ते वाक्य बोलताना मीही वर पाहिलं, आणि मला खरंच त्याचे पाय लटपटताना दिसले.

उद्या: शाळेत कोंबड्यांसाठी जागा मागायची.