लादी बसली

रविवार, संध्याकाळ

आमच्या तुळिंजच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या फिलूताईंचा दुपारी फोन आला. "बाय, लादी बसली," एवढंच ऐकू आलं आणि फोन कटला. बसली म्हणजे खचलीच. बाथरूमचा गळका पाइप बदलून गुरुवारी वर नवी लादी लावली होती, आणि ताईंचे सासरे तिथूनच काठी टेकत जातात. ते पडले तर? मिस्त्रीला घाई कोणी केली? मीच ना?

बाबांची शिकवण अशी की भाडेकरूच्या दारात बेल एकदाच वाजवून थांबायचं. आज तीनदा वाजवली.

"धावत कशाला आलीस?" ताई म्हणाल्या. "मिस्त्री ठोकून बघून गेला. म्हनाला, घट्ट बसली, आता खुशाल पानी टाका."

"मला वाटलं, खाली बसली."

सासरे खोकला लागेपर्यंत हसले. तरी मी आत जाऊन त्या लादीवर उभी राहिले, आधी एका पायावर, मग दोन्ही. जराही हलली नाही. मग मलाही हसू आवरेना.

बाहेरून सासऱ्यांची हाक आली, "लादी बसली ना, पोरी? आता तू बस. चहा थंड होतोय."