फटफटीचं दावं

आबा,

तुमचा पणतू फटफटी घ्यायला निघालाय. खिसा बेताचा, म्हणून झकपक नको म्हणतो. जुन्या बांध्याची, हजारोंनी वापरून पारखलेली, पेट्रोल कमी पिणारी हवी, रोज शहाद्याहून नंदुरबारला नोकरीवर जायला. पोराला अक्कल आहे, नाही म्हणत नाही. पण काल जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो तर हा आधी रंग आणि दिवे बघायला लागला. दुकान नुकतंच उघडलेलं, झाडूसुद्धा मारून व्हायचा होता. मी काठी टेकत पुढे झालो आणि इंजिनावर पंजा ठेवला. दुकानदार म्हणाला, "बाबा, हात काळा होईल." म्हटलं, होऊ दे. इंजिन कोमट होतं. आमच्यासमोर कुणी किक मारली नव्हती आणि इंजिन कोमट! मी नातवाला म्हटलं, चल घरी.

घरी जेवायला बसलो आणि मग ती गोष्ट निघाली. निघणारच. आपल्या घरात लग्न असो की बारसं, ती गोष्ट झाल्याशिवाय पंगत उठत नाही. पणजोबांनी फटफटीचं दावं म्हणून नंबराची पाटीच विकणाऱ्याला देऊन टाकली, आणि आजोबा चौकीत अडकले! सून हसून हसून पदराने डोळे पुसत होती. मीही हसलो. पण ताटावरून उठल्यापासून काही सुचत नाही, म्हणून हा कागद घेतला. तुमच्याशी मी कधी अशा मराठीत बोललो नाही. मी शाळेतलं काही बोललो की तुम्ही म्हणायचात, "मास्तरनी भाषा मास्तरले दे." पण लिहायला हीच येते, काय करू.

तुमच्याइतका संशयी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. दूध आलं की बोट बुडवून बघणार, खरबूज घेतलं तर देठ हुंगणार, व्याही कौतुक करायला लागले की विचारणार, "कसाले गोड बोली ऱ्हायना?" मला तुमचा राग यायचा. पण सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात त्याच संशयाला मान होता. दत्तजयंतीच्या आठ दिवस आधीपासून लोक तुम्हाला न्यायला यायचे. दात, खूर, भोवरे बघून तुम्ही नुसती मान हलवली की सौदा मोडायचा, आणि विकणारा तुम्हाला शिव्या घालत तंबूत जायचा. तुम्ही कधी फसला नाहीत. आपल्या घरात दुसरी श्रीमंती नव्हती, एवढीच होती.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. मी रॉकेलवर चालणारी इंजिनं दुरुस्त करायला शिकलो होतो, आणि नंदुरबारच्या मारवाडी शेठजींनी सांगितलं होतं, पार खांडबाऱ्यापर्यंत विहिरींवर आमची इंजिनं आहेत, मिस्त्री हवा, पण त्याची स्वतःची गाडी हवी. संक्रांतीच्या आत गाडीसकट ये, नाहीतर दुसरा बघतो. सायकल काळ्या मातीत रुतायची आणि घोडीवरून हत्यारांची पेटी नेता येत नव्हती. मला वाटलं, माझी सगळी जिंदगी या एका फटफटीवर टांगलेली आहे. खोटं नव्हतं ते. मिस्त्रीचं काम गेलं असतं तर मी पुन्हा तुमच्या घोडीला खरारा करत बसलो असतो.

त्या वर्षी जत्रेत दोन फटफट्या विकायला आल्या होत्या. एक दलालाची, चकाचक, दोन सिलिंडरची, नव्या धाटणीची. दुसरी एका लष्करातून परतलेल्या ड्रायव्हरची. त्याचं घराणं घोडेवाल्यांचंच. छावणीच्या लिलावातून त्याने ती उचललेली. एक सिलिंडर, बांधा लढाईच्या आधीचा, अंगावर मातकट रंगाची पुटं, आणि आवाज गिरणीसारखा. माझा जीव पहिलीवर. मी इंजिनं उघडणारा माणूस, आणि तुम्ही खांद्यावर नवं कोरं दावं टाकून आलेले! मी म्हटलं, "आबा, फटफटी शे, म्हैस नही." तुम्ही ते दावं काही सोडलं नाही. जनावर आणायला रिकाम्या खांद्याने जायचं नाही, एवढंच म्हणालात. लोक बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तुम्ही त्या चकाचक गाडीजवळ गेलात. चाक पाहिलं नाही, रंग पाहिला नाही. इंजिनावर तळहात ठेवलात, जसा घोड्याच्या छातीवर ठेवायचात तसा. मार्गशीर्षातली सकाळ, तोंडातून वाफा निघत होत्या. तुम्ही हात काढला आणि दलालाकडे न बघता मला म्हणालात, "हाऊ घोडा पहिलेच पळाडी आनेल शे." दलाल चिडला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि चालू लागलात. लंगड्या घोड्याला बाजारात आणण्याआधी कोसभर पळवतात, अंग गरम झालं की लंगडणं दिसत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण फटफटीला काय लंगडायचंय? ड्रायव्हरची गाडी मात्र गारठलेली होती. तीन किका खाल्ल्या, चौथ्याला उठली. "हाई खरं बोलस," तुम्ही म्हणालात.

आता ऐका. मला तेव्हा तुमचाच संशय आला. तुम्ही उपरण्याखाली हात घालून त्या ड्रायव्हरशी बोटांनी भाव केलात. तुमची बोटं काय बोलली ते मला दिसलं नाही. मी उभा राहून विचार करत होतो, याच्याशी आबांची जुनी ओळख आहे, घोडेवाला घोडेवाल्याला सांभाळून घेतो, आणि माझ्या गळ्यात हे गाढव बांधतायत. दलाली खाल्ली का, इथपर्यंत मनात आलं. बापाबद्दल! आणि आलं ते आलं, तुमच्याकडूनच शिकलो होतो ना संशय घ्यायला. सौदा झाला. तुम्ही दत्ताला नारळ फोडायला देवळात गेलात. परत आलात तेव्हा गाडी निघायला तयार होती. तुम्ही ते नवं दावं हँडलला बांधलंत, गाडीभोवती एक फेरी मारलीत, मागच्या बाजूला जरा थांबलात.

आठ दिवसांनी मी नावेतून तापी ओलांडून नंदुरबारला गेलो. हँडलचं दावं मी वाटेतच सोडून पेटीत कोंबलं होतं. शेठजींच्या दुकानाच्या अलीकडेच हवालदाराने अडवलं. कागदावर नंबर आहे, गाडीला पाटी नाही. इंजिनावरचा आकडा लष्करी रंगाखाली बुजलेला. "कागद एकीचा, गाडी दुसरीची. चल चौकीवर." शेठजी आले, गाडीपासून चार हात लांब उभे राहिले आणि म्हणाले, "भाई, चोरी का माल मेरे दुकान पे नहीं चाहिए." चौकीत फौजदाराने विचारलं, पाटी कुठाय? मी म्हणालो, "सौदा माझ्या वडिलांनी केला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनाच विचारा." हे शब्द मला अजून जसेच्या तसे पाठ आहेत.

तुम्हाला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही घोडीवरून आलात, पागोटं नीट बांधलेलं, जणू कुणाचा घोडा पारखायला बोलावलंय. चौकीत बरीच माणसं जमली होती, जत्रेत तुम्हाला ओळखणारेही दोघे-तिघे होते. फौजदाराने विचारलं, "पाटी कुणी काढली?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली फरशीकडे बघत होतो. तुम्ही म्हणालात, "मी दिधी, साहेब. जनावर इकं का दावं इकनाराकडेच ऱ्हास. हिले दावं नव्हतं, म्हनीसन पाटी दिधी." क्षणभर कुणाला कळलंच नाही, आणि मग चौकी हसली. फौजदार हसला, हवालदार हसला, शेठजी तर पोट धरून बाकावर बसले. खेडवळ म्हातारा, दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणून विकणाऱ्याने ते ठेवून घ्यायचं, ही आपली रीत त्याने फटफटीला लावली! चोरीचा संशय त्या हसण्यातच विरून गेला. पाटी आणा आणि गाडी न्या, फौजदार म्हणाला. तुम्ही हसला नाहीत. लगेच घोडी वळवलीत.

दोन दिवसांनी पाटी घेऊन आलात. त्या ड्रायव्हरने ती गोठ्यात खुंटीला टांगली होती, तिच्यावर हळद-कुंकू होतं. तुम्ही ते उपरण्याने पुसलंत, पाटी माझ्या हातात दिलीत, मग कनवटीतून दोन बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवलेत आणि म्हणालात, "घट कर." तेवढंच. मी घट्ट केले. संक्रांतीला थोडेच दिवस राहिले होते. काम मला मिळालं.

गाडी अठरा वर्षं चालली, आबा. नदीचं पाणी प्याली, तोरणमाळच्या पायथ्यापर्यंत इंजिनाचे भाग वाहून नेले तिने, कधी रस्त्यात टाकलं नाही. ती चकाचक गाडी ज्याने घेतली त्याने होळीच्या आधीच तिचं इंजिन माझ्याकडे उघडायला आणलं. तुमचा हात खरा होता. पण पुढच्या वर्षी जत्रेच्या आधी तुम्हाला न्यायला कुणी आलं नाही. बाजारात पोरं ओरडली, "आबा, दावं लिधं का?" तुम्ही एक चक्कर मारून घरी आलात. आईने चुलीपुढे भाकरी थापता थापता मला विचारलं, "तुन्हा बापले काय व्हयनं? जेवत नही." मी म्हटलं, थकले असतील. त्यानंतर तुम्ही बाजारात गेलाच नाहीत, आणि तीन वर्षांत आम्हालाही सोडून गेलात. जो माणूस कधी फसला नाही, त्याचं नाव गावोगाव हसण्यावारी गेलं, आणि मी त्या नावावर पगार घेत होतो.

आता लिहूनच टाकतो. तुम्ही देवळात होतात तेव्हा तो ड्रायव्हर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "वरीसभर मन्हा गोठामा उभी व्हती, बैलनी शेजारी. दावं तर नही हिले. मंग मन्हाकडे काय ऱ्हाई?" मी आधी हसलो. मग त्याचं तोंड बघितलं आणि मला भीती वाटली. शेठजींचं काम, संक्रांत, सगळं या गाडीवर, आणि विकणारा रुसून गेला तर? शिकलेला मी, तुमच्या दाव्याची लाज वाटणारा मी! पेटीतून पाना काढला आणि पाटी मीच सोडवून त्याच्या हातात दिली. मला वाटलं, नंबर काय, नवा मिळेल. दोन बोल्ट सदऱ्याच्या खिशात टाकले. तो सदरा घरी खुंटीवर होता. तुम्हाला चौकीचं बोलावणं आलं तेव्हा ते बोल्ट तुमच्या कनवटीला आधीच होते, की पाटी आणायला गेलात तेव्हा ड्रायव्हरने सांगितल्यावर तुम्ही खिसा तपासलात, हे मी इतकी वर्षं उलटंपालटं करून बघतोय. आईने धुताना काढून तुम्हाला दिले असतील, असाही संशय आहे. म्हणजे तीही जाणून होती. पण मला वाटतं, जत्रेत गाडीच्या मागे थांबलात तेव्हाच तुम्ही सगळं ओळखलंत. तुम्हाला कोण फसवणार होतं?

कागद संपत आला. हा कुठे टाकणार? पाटी अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे, तुमच्या त्या कोऱ्या दाव्यात गुंडाळलेली, तिथेच ठेवीन. नातवाला खरं सांगून टाकीन, असं इथे लिहिणार होतो, पण माझा मलाच भरवसा नाही. काल जेवताना गोष्ट सांगता सांगता त्याला हसू आवरेना, गोष्ट अर्धवट राहिली. तेव्हा शेवट मी पुरा केला. तुमचा आवाज काढून म्हणालो, "मी दिधी, साहेब." ते सगळ्यांना फार आवडलं.