झाकणाच्या आतली खूण

प्रिय संचू,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. ठाण्यातल्या ज्या चकचकीत घड्याळ-सर्व्हिस सेंटरमध्ये मी शुक्रवारी पावणेदोन तास बसलो, तिथल्या खुर्च्यांना पाठ नाही. चौसष्ट हजारांचा खर्च सांगण्याआधी माणसाला टेकायला काहीतरी द्यावं, एवढीही माणुसकी त्या मंडळींत नाही. पाणी दिलं, तेही तीर्थ द्यावं तेवढंच. प्यायचं की डोळ्यांना लावायचं, ते कळेना.

हे पत्र एकटी असताना वाच. फोन का केला नाही, ते पुढे कळेलच. तुझा फोन हल्ली तुझ्याआधी तुझा तो दीर, महिपत, उचलतो, आत्तापुरतं एवढं कारण पुरे. सोमवारी तो तुला फ्लॅटच्या मुखत्यारपत्रावर सही करायला नेणार आहे असं तू म्हणाली होतीस. ती सही करू नकोस. का, ते मी माझ्या पद्धतीने, लांबण लावून सांगतो. रागावू नकोस, सरळ सांगायला माझा हात चालत नाहीये.

तुझ्या दादाने वीस वर्षं सदर लिहून लोकांचे सोफे, लग्नं आणि गाड्या यांची पिसं काढली. त्याच दादाने जुलैमध्ये माजिवड्याच्या एका दुकानातून पावणेदोन लाखांचं वापरलेलं स्विस घड्याळ घेतलं. हो, मीच. तुझ्या वहिनीला सांगितलं, स्टेशनबाहेरचं आहे, आठशेचं. तिनेही ‘सातशेला मिळालं असतं’ म्हणून विषय संपवला. दुकानदाराने वर्षभराची वॉरंटी दिली, आणि असा कागद मी आयुष्यात वाचला नव्हता. मशीन बिघडलं तर वॉरंटी आहे, पाणी गेलं तर नाही. आधी कुणी उघडलेलं असेल तर नाही. आधी कुणी उघडलंय का ते बघायला आपण उघडलं, तरी नाही.

तुझ्याकडच्या गणपतीला मी ते मिरवत आलो होतो. तुझ्या लक्षात आलं नाही, पण महिपतच्या आलं. ‘नवीन का दादा?’ म्हणाला. मी म्हटलं, डुप्लिकेट आहे रे. त्याने मागून घेतलं, उलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. हातावर मोदक होता, तो त्याने खाल्लाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. ‘घड्याळ बंद पडलं तर कुठे दाखवू नका हं. माझा माणूस आहे, फुकट करून देईल.’ तेव्हा ते चालू होतं, संचू. छान चालू होतं. नंतर आणखी दोनदा फोन. आठशेच्या घड्याळाची एवढी काळजी! मला वाटलं, पोरगा मनाने चांगला आहे. भाऊ बेपत्ता होऊन चौदा महिने झाले, तर तुझं घर कसं सांभाळतोय, किल्ल्यांपासून पासबुकांपर्यंत. मी तर त्याच्यावर एक बरा लेखही लिहिणार होतो.

गेल्या आठवड्यात घड्याळ थांबलं. फुकटचं काम मला आवडत नाही, आणि महिपतला खरी किंमत कळेल याची लाज होती, म्हणून मी सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या मुलीने झाकण उघडून मोठ्या पडद्यावर आतला भाग दाखवला. चाकांवर गंज होता. ‘सर, आत पाणी गेलंय, तेही साधं नाही, खारट. कुणीतरी पुसून, डायल बदलून दिलीय. वॉरंटी लागू होणार नाही.’ मग झाकणाच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. जुने घड्याळजी काम केलं की तिथे सुईने स्वतःची खूण आणि वहीतला नंबर कोरतात, म्हणे. तिथे एकाखाली एक दोन नंबर होते, दोन्हींच्या आधी ‘रा’. तिला ते वाचता येईना. मला आलं, कारण बाबांच्या चावीच्या घड्याळात तोच ‘रा’ आहे. डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली बसणारे रामाकाका घरत.

आता थोडं मागे जाऊ. तुझा रत्नदीप दुबईहून घड्याळ घेऊन आला होता, ते निळ्या डायलचं, आठवतं? मी भर पंगतीत त्याची टर उडवली होती. जावयाचं मनगट खोलीच्या भाड्यापेक्षा महाग, असं काहीतरी. तो हसत म्हणाला, ‘दादा, डुप्लिकेट आहे हो.’ सासरी एक सदरलेखक असला की माणसाला खऱ्या वस्तूलाही खोटं म्हणावं लागतं. पुढे ते अडकायला लागलं, तेव्हा मीच त्याला रामाकाकांकडे धाडलं. म्हटलं, डुप्लिकेटला एवढा डॉक्टर पुरे.

तो गेला त्या नऊ ऑगस्टनंतर पोलिसांत द्यायची तक्रार कुणी लिहिली? घरात लिहिणारा मीच. निळा चौकड्यांचा शर्ट, चष्मा, हातात साधं स्टीलचं घड्याळ. ‘साधं’ हा शब्द माझा. महिपत शेजारीच बसला होता. ‘रत्नदीपदादाला शीळफाट्याला मीच सोडलं, उतरताना त्याने घड्याळात बघितलं, सातला दहा कमी आहेत म्हणाला,’ एवढं बारीक सांगणाऱ्या माणसाने माझा ‘साधं’ मात्र दुरुस्त केला नाही. मी तेव्हा ते शोकात राहून गेलं असं धरलं.

काल रामाकाकांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, दोन्ही नंबर वाचले आणि वह्या काढल्या. पहिला नंबर तीन वर्षांपूर्वीचा: रत्नदीप साळवी, माजिवडा. काका म्हणाले, ‘मी त्यांना तवाच बोललो, अस्सल हाय. हसले. बोलले, घरी सांगू नका, आमचे दादा पेपरात छापतील.’

हे ऐकून मी जिन्याच्या पायरीवर बसलो. तिलाही पाठ नव्हती.

दुसरा नंबर गेल्या वर्षीचा, सत्तावीस ऑगस्टचा. तो गेल्यावर अठरा दिवसांनी. काकांच्या अक्षरात: ‘आत खाडीचं पाणी, चिखल. डायल खराब, काळी घातली. पट्टा नवा.’ आणि पुढे नाव, महिपत साळवी. काकांना तो आठवला. ‘मी बोललो, झाकणात माझाच जुना नंबर हाय. तर बोलला, भावाचं हाय, भाऊ परदेशी गेला. घाईत होता. मोठ्या दुकानात कागद मागतात, म्हणून हितं आलो बोलला.’

संचू, मी तीन महिने ते मनगटावर बांधून फिरलो. तुझ्या घरच्या आरतीत त्याच हाताने टाळी वाजवली.

काय झालं असेल ते मी लिहीत नाही. तुला जे कळलंय तेच मला कळलंय. ते ठरवणं आता दुसऱ्यांचं काम. पण गणपतीपासून त्याला माहीत आहे की घड्याळ माझ्याकडे आहे, आणि काल संध्याकाळी त्याने पुन्हा फोन करून ते चालतंय का विचारलं. मी म्हटलं, मस्त चालतंय. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा विनोद लिहिता येत नव्हता. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते मेतकुटाच्या डब्याच्या तळाशी. डबा घेऊन आलेल्या आमच्या दिशाला यातलं काही माहीत नाही. आत्याला घेऊन यायचं, आजीला बरं नाही, एवढंच तिला सांगितलंय. ती खाली रिक्षा थांबवून आली आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी तिच्याबरोबर नीघ. कपाट उघडू नकोस, पिशवी भरू नकोस. महिपत भेटला तर आजीचंच कारण सांग आणि त्याने सोडायला येतो म्हटलं तरी त्याच्या गाडीत बसू नकोस. पत्र तिथे ठेवू नकोस. तू घरी पोचलीस की मी चौकीवर जातो आणि तक्रार नव्याने लिहितो. या वेळी ‘साधं’ लिहिणार नाही.

रामाकाकांची एक रीत आहे. गिऱ्हाइकाने सही केलेली चिठ्ठी ते पूर्ण पैसे मिळेपर्यंत देत नाहीत, वहीतच टाचून ठेवतात. महिपतने आगाऊ दिले होते, उरलेले साडेतीनशे ‘नंतर देतो’ म्हणून गेला तो फिरकलाच नाही. मी पाकिटातून साडेतीनशे काढून त्यांच्या काचेवर ठेवले. काकांनी त्याच्या नावापुढच्या बाकीवर रेघ मारली, टाचणी काढली आणि त्याच्या सहीची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

तुझाच,
साईदादा