दुखू नये अशी इच्छा

४ जानेवारी
निर्णय पक्का. स्पॅनिश शिकणार. पुढच्या महिन्यात व्याही आणि विहीणबाई स्पेनहून नातीला बघायला येताहेत. जावई दुभाषा म्हणून मध्ये बसतो आणि माझं बोलणं गिळून टाकतो. मागच्या खेपेला मी मनसोक्त बोललो, त्यानं तीन शब्दांत उरकलं. आता मधला माणूस नको. मी दातांचा डॉक्टर. जिभेशी रोजचा संबंध, जड काय जाणार?
हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी पोटच्या मुलीशी मराठीत दोन शब्द गोड बोला. हिला भाषेतलं काही कळत नाही.

५ जानेवारी, सकाळी ५
उठलो. पाठांतर करणार.

५ जानेवारी, सकाळी ८.४०
उठलो.

१५ जानेवारी
क्लासच्या बाई तरुण आहेत, पण माझ्यासोबत शिकतील. आज सब्जंक्टिव्ह. दुसऱ्यानं काही करावं अशी इच्छा, आशा, किंवा त्याबद्दलचा आनंद, दुःख सांगायचं असलं की पुढचं क्रियापद रूप बदलतं. बाई म्हणाल्या, आपलं 'यावं', 'व्हावं', साधारण तसंच. मी म्हटलं, मराठीत ते पाट्यांपुरतं असतं: येथे थुंकू नये. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. वरचा सुळा वाकडा आहे, म्हणून लाजत असतील. जाताना तसं सांगितलं.

१८ जानेवारी
गृहपाठ होता: आपल्या माणसांबद्दलच्या इच्छा लिहा. मी लिहिलं: बायकोनं कमी बोलावं. मुलीनं वजन उतरवावं. जावयानं बरी नोकरी बघावी. बाईंनी दातांना तार बसवून घ्यावी. एकही चूक नाही. बाईंनी खाली शेरा मारला: व्याकरण उत्तम, भावना तपासून घ्याव्यात. भावना तपासायला मी हार्टचा डॉक्टर आहे का?

२२ जानेवारी
दवाखान्यात सराव. पेशंटसारखा श्रोता नाही. तोंडात कापूस, मध्येच बोलत नाही. अक्कलदाढेच्या आजोबांना म्हणालो, एस्पेरो के नो ले दुएला. म्हणजे, तुम्हाला दुखू नये अशी आशा आहे. दुएले नव्हे, दुएला! क्रियापद बरोब्बर बदललं. त्या आनंदात आजोबांना भूल द्यायची राहिली. ते खुर्चीतून उठून रस्त्यापर्यंत गेले, पक्कड माझ्या हातातच. पण वाक्य निर्दोष होतं.

१ फेब्रुवारी
आजोबांच्या सूनबाई येऊन बरंच बोलून गेल्या. लोकांना शिकणाऱ्या माणसाचं कौतुक नाही. उद्यापासून पेशंटवर सराव बंद. फक्त सफाईच्या पेशंटवर.

११ फेब्रुवारी
व्याही-विहीणबाई आले. उतरले मुलीकडे. माझ्या घरात मोकळी खोली असताना तिच्या त्या टीचभर फ्लॅटमध्ये. जावयाच्या हट्टानं असणार.
व्याह्यांचं मागच्याच वर्षी हार्टचं ऑपरेशन झालंय. प्रवासानं गळून गेले होते. मी पाठीवर हात ठेवून, सगळ्यांसमोर, खणखणीत म्हणालो, के एन पास देस्कान्से. यांना शांतपणे विश्रांती मिळावी! फोनवर शोधून ठेवलेलं. विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला. भारावल्या बिचाऱ्या.

१२ फेब्रुवारी
जावयाचा फोन. म्हणे ते वाक्य थडग्यांवर लिहितात, यापुढे माझ्या बाबांना म्हणू नका. मी म्हटलं, थडग्यावरची माणसं विश्रांतीच घेताहेत ना? फोन मुलीनं घेतला. म्हणाली, बाबा, तुम्ही नुसते आलात आणि हसलात तरी पुरे. मी म्हटलं, हसायला तुझ्यासारखे दात असते तर मीही तोंड मिटूनच ठेवलं असतं. गंमत केली. तिनं फोन ठेवला. लहानपणापासून तिला विनोद कळत नाही.

१६ फेब्रुवारी
परवा आमच्याकडे जेवण. निरोपाचं भाषण मी करणार. बाईंनी तयार वाक्य दिलं: सिएन्तो के से वायान, तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं. पण आनंदाच्या ताटावर दुःख कशाला? 'किएरो' घातलं. ते प्रेमाचं क्रियापद. तिकडचे नवरे बायकांना म्हणतात, ते हेच. किएरो के से वायान. बाईंना विचारणार होतो, पण त्या हल्ली माझे फोन उचलत नाहीत.

१८ फेब्रुवारी
विलक्षण यश. ग्लास वाजवला, उभा राहिलो, व्याह्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, किएरो के से वायान. त्यांना कळलं नाही असं वाटलं, म्हणून दोनदा, सावकाश. व्याही उठले. विहीणबाईंनी पर्स घेतली. मुलगी बाळाला उचलून आधीच जिन्यात. गोडाचं तसंच राहिलं. माणसं हळवी झाली की अशीच तडक उठतात.
ही ताटं उचलताना म्हणाली की जावई दारात काय म्हणाला माहीत आहे का. 'माझी इच्छा आहे, तुम्ही चालतं व्हावं', असं बोललात म्हणे तुम्ही.
भाषांतरात अर्थ मरतो, तो असा.

१९ फेब्रुवारी
समजा, चूक झाली. तरी क्रियापदाचं रूप? बिनचूक. ते कोणी बोलेना.

२५ फेब्रुवारी
व्याही परत गेले. एअरपोर्टला निघताना मला कोणी कळवलं नाही. घाईत राहून गेलं असेल. उन्हाळ्यात मुलगी-जावई नातीला घेऊन तिकडे जाताहेत. आम्हीही जावं, असं मी ठरवलंय. महिनाभर राहीन. तोवर अस्खलित.

३ मार्च
तारखा ठरवायला मुलीकडे गेलो. ही खाली गाडीत थांबली, म्हणाली तुम्हीच या जाऊन. दार उघडंच होतं. मुलगी माझ्याकडे पाठ करून, बाळाला खांद्यावर थोपटत, विहीणबाईंशी फोनवर बोलत होती. भरभर, हसत. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग आवाज एकदम खाली आला. म्हणाली, ओहाला मि पाद्रे नो वेन्गा.
पहिल्यांदाच अख्खं वाक्य थेट समजलं. ओहाला: असं झालं तर किती बरं. मि पाद्रे: माझे वडील. नो वेन्गा: येऊ नयेत.
रूप बरोबर. उच्चार स्वच्छ. कुठेही अडखळली नाही.
दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरलो. ही म्हणाली, इतक्यात आलात? मी म्हटलं, घरी कोणी नव्हतं.